दगडाखालची हजेरी: ओढ्याची प्रकृती कशी तपासतात?

दरवर्षी एप्रिल उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. अमुक नदीतील गाळ इतके टक्के काढून झाला, तमुक नाल्यातून इतके मेट्रिक टन गाळ उपसला आणि उरलेले काम पावसापूर्वी पूर्ण होईल, असे तिचे स्वरूप असते. पावसाळ्यात पाणी तुंबू नये म्हणून हे काम करावेच लागते, याबद्दल वाद नाही. परंतु ही बातमी कितीही बारकाईने वाचली, तरी ज्या प्रवाहातून तो गाळ काढला तो प्रवाह जिवंत आहे की नाही, हे तिच्यातून कळत नाही. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी बाहेर येऊन गाठ किती वजनाची निघाली एवढेच सांगावे आणि रोगी कसा आहे यावर एक शब्दही बोलू नये, तसे हे आहे.

ओढ्याची प्रकृती तपासण्याचे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. त्याची साधी आवृत्ती एक जाळी, एक पांढरे ताट आणि थोडी चिकाटी एवढ्या भांडवलावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही वापरता येते. ते शास्त्र काय पाहते आणि कसे पाहते, हे मुंबईच्या ओढ्यांच्या संदर्भात समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

नाला हा शब्द मुळात वाईट नाही

वाहत्या गोड्या पाण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. झरा, ओहोळ, ओढा, नाला हे शब्द सगळीकडचे आहेत आणि कोकणात त्यांच्या जोडीला पऱ्या आणि व्हाळ आहेत. मूळ अर्थाने नाला म्हणजे डोंगरउतारावरून येणारा नैसर्गिक प्रवाहच होय. त्याला दुर्गंधी चिकटली ती शहरात आल्यावर. मुंबईच्या उपनगरांत आज ज्यांना सर्रास नाला म्हटले जाते, त्यांतील चार प्रवाह प्रत्यक्षात नद्या आहेत. दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरातून निघते, पोयसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून येते, ओशिवरा नदीचा उगम आरेच्या टेकड्यांत आहे आणि विहार व पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन सुमारे अठरा किलोमीटर वाहणारी मिठी माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी आपल्या घराजवळचा नाला म्हणजे मिठी नावाची नदी आहे, हे अनेकांना प्रथमच समजले.

या नद्या लांबीने लहान आहेत आणि त्यांना मिळणारे असंख्य ओढे तर काही ठिकाणी एका उडीत ओलांडता येतील इतके अरुंद आहेत. पुढे लेखात ओढा म्हटले आहे ते अशा सगळ्या लहान, गोड्या पाण्याच्या प्रवाहांसाठी.

ओढा निरोगी आहे, म्हणजे नेमके काय?

येथे पहिला गैरसमज दूर करावा लागतो. निरोगी ओढा म्हणजे पिण्यायोग्य पाण्याचा ओढा, असे आपण गृहीत धरतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जंगलातील उत्तम ओढ्याच्या पाण्यात हरणांच्या आणि माकडांच्या विष्ठेतील जिवाणू असू शकतात. ते पाणी न उकळता प्यायल्यास माणूस आजारी पडेल, पण ओढ्याचे काहीही बिघडलेले नसते. याउलट महापालिकेच्या नळाचे पाणी माणसासाठी सुरक्षित असते, परंतु त्यात क्लोरीन असल्यामुळे ओढ्यातला नाजूक जीव त्यात तग धरणार नाही. घरी मासे पाळणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. नळाचे पाणी थेट टाकीत न ओतता ते आधी उघडे ठेवतात किंवा त्यात क्लोरीन मारणारे औषध घालतात.

मग निरोगी कशाला म्हणायचे? माणसाच्या बाबतीत आपण जो अर्थ घेतो, त्याच्या जवळ जाणारा अर्थ येथेही घ्यावा. जो आपली कामे आपल्या बळावर करतो आणि आघात झाल्यास पुन्हा सावरतो, तो निरोगी. ओढ्याची कामे पुष्कळ आहेत. काठावरच्या झाडांची पाने त्यात पडतात, बुरशी आणि जिवाणू ती मऊ करतात, काही किडे ती कुरतडतात, त्यांचा चुरा वाहत खाली जातो, दुसरे किडे तो गाळून खातात, या किड्यांना मासे, बेडूक आणि खेकडे खातात, आणि मोठे झालेले किडे पंख फुटून बाहेर पडले की कोळी, पाकोळ्या आणि वटवाघळे त्यांच्यावर जगतात. ही साखळी अखंड चालू असेल, तर ओढा जिवंत आहे. ती तुटली असेल, तर पाणी कितीही पारदर्शक दिसले तरी ते केवळ उताराने वाहणारे पाणी आहे.

हातातली रोकड आणि डोक्यावरचे कर्ज

तपासणीची सुरुवात बहुधा पाण्याच्या रसायनाने होते आणि त्यात सर्वांत महत्त्वाचा आकडा असतो तो विरघळलेल्या प्राणवायूचा. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात मात्र हवेतून फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, म्हणजे हवेच्या तुलनेत सुमारे पस्तिसावा हिस्सा. पाणी वीस अंशांचे असेल, तर हा आकडा नऊच्या थोडा वर जातो. पाणी जितके गरम, तितका प्राणवायू कमी, असा हा हिशेब असल्यामुळे मुंबईसारख्या उष्ण ठिकाणच्या ओढ्यांना मुळातच हात राखून जगावे लागते. काठावरचे एक झाड तोडले की सावली जाते, पाणी तापते आणि तुटपुंज्या शिलकीतून आणखी थोडे कमी होते.

दुसरा आकडा म्हणजे जैविक प्राणवायू मागणी; व्यवहारात तिला बीओडी म्हणतात. पाण्यात मैला, अन्नाचे अवशेष, गोठ्यातले शेण असे सेंद्रिय पदार्थ आले की जिवाणू ते खाऊ लागतात आणि खाताना प्राणवायू वापरतात. हे सारे पदार्थ पचवण्यासाठी जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, याचा अंदाज म्हणजे बीओडी. प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून पूर्वापार वीस अंशांवर पाच दिवस ठेवत. आपल्याकडे हवामान लक्षात घेऊन सत्तावीस अंशांवर तीन दिवस ठेवण्याची पद्धत रूढ आहे. या काळात बाटलीतला प्राणवायू किती घटला, ते मोजतात.

दुकानदाराच्या भाषेत सांगायचे, तर विरघळलेला प्राणवायू ही हातातली रोकड आहे आणि बीओडी हे डोक्यावरचे कर्ज आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार उघड्यावर अंघोळ करण्याजोग्या पाण्यात लिटरमागे किमान पाच मिलिग्रॅम प्राणवायू असावा आणि बीओडी तीन मिलिग्रॅमच्या आत असावी. वन्यजीव आणि मत्स्यपालन यांसाठी प्राणवायू किमान चार मिलिग्रॅम असावा, अशी अपेक्षा आहे. प्रक्रिया न केलेल्या घरगुती सांडपाण्याची बीओडी साधारणपणे दीडशे ते तीनशेच्या दरम्यान असते. ज्याच्या गल्ल्यात सात रुपये आहेत, त्याच्या दारात दोनशे रुपयांचा धनको येऊन उभा राहावा, अशी ही अवस्था असते. म्हणूनच एखाद्या वस्तीच्या सांडपाण्याचा एकच पाइप ओढ्याला मिळाला, तरी त्याच्या खालचा बराच मोठा पट्टा गुदमरतो.

याखेरीज आम्लता, तापमान, अमोनिया, पाण्यातील क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता आणि साबणातून येणारे फॉस्फेट हेही मोजतात. त्यातला अमोनिया विशेष घातक असतो, कारण पाणी गरम आणि अल्कधर्मी झाले की त्याचे विषारीपण वाढते.

एकदा घेतलेला नमुना खोटे का बोलू शकतो

रसायनाचे आकडे अचूक असतात, पण ते एका क्षणाचे असतात. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढची सारी पद्धत यातूनच जन्माला आली आहे.

समजा, एका ओढ्यात खतासारखे पोषक द्रव्य भरपूर आल्यामुळे हिरवे शेवाळ माजले आहे. भर दुपारी शेवाळ प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते आणि पाण्यात प्राणवायू सोडते. दुपारी दोनला नमुना घेतला, तर आकडा उत्कृष्ट येईल, कदाचित सामान्य कमाल मर्यादेच्याही वर जाईल. रात्री मात्र तेच शेवाळ श्वसनासाठी प्राणवायू वापरते आणि पहाटे पाचला पाण्यात जवळजवळ काही उरत नाही. मासे मरतात ते पहाटे. तपासणी होते ती कार्यालयीन वेळेत.

दुसरी शक्यता अधिक दुःखद आहे. वरच्या बाजूला कोणी रात्री रंगाचे किंवा रसायनाचे पिंप ओढ्यात रिकामे केले, तर ते पाणी दोन-तीन तासांत खाली निघून जाते आणि सकाळी अकराच्या नमुन्यात त्याचा मागमूस राहत नाही. पाण्याला आठवण नसते. आठवण असते ती त्या पाण्यात महिनोन्‌महिने राहणाऱ्या जिवांना, कारण रात्री जे मेले ते सकाळी अकराला हजर नसतात.

दगडाखालची हजेरी

ओढ्याच्या तळाशी, दगडांच्या खाली, पानांच्या थरात आणि वाळूत असे प्राणी राहतात की ज्यांना पाठीचा कणा नसतो, परंतु जे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. किड्यांच्या अळ्या, गोगलगायी, जळवा, कृमी, लहान खेकडे हे सारे त्यात आले. यांना आपण तळजीव म्हणू. ते फार लांब पळू शकत नाहीत, त्यांचे आयुष्य काही आठवडे ते वर्ष-दीड वर्ष असते, आणि प्रत्येकाची सोसण्याची ताकद वेगवेगळी असते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या शास्त्रज्ञांनी सांडपाण्याच्या प्रमाणानुसार कोणते जीव कोठे आढळतात, याची पद्धतशीर मांडणी केली. तेव्हापासून तळजिवांची हजेरी घेणे हा ओढ्याची प्रकृती तपासण्याचा मुख्य मार्ग ठरला आहे.

या हजेरीपटावरील काही रहिवाशांची ओळख करून घेण्यासारखी आहे. मेफ्लाय या कीटकाचे आयुष्य बहुतांश पाण्यातच जाते. पंख फुटल्यावर तो जेमतेम एक-दोन दिवस जगतो आणि त्या काळात काही खातही नाही, कारण त्याचे तोंड खाण्याच्या उपयोगाचे उरलेलेच नसते. त्याच्या पिल्लाच्या पोटाच्या दोन्ही कडांना नाजूक कल्ले असतात आणि शेपटाला बहुधा तीन तंतू असतात. त्याचे चपट्या अंगाचे जातभाई वेगवान प्रवाहात दगडाला घट्ट चिकटून राहतात आणि प्राणवायू कमी झाला की सर्वांत आधी नाहीसे होतात.

कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाच्या काही अळ्या वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे रेशमाने जोडून स्वतःभोवती नळी विणतात. दुसऱ्या काही अळ्या दगडांच्या फटीत प्रवाहाच्या तोंडाशी बारीक जाळे लावून बसतात आणि वाहत येणारा चुरा त्यात अडकला की खातात. खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीच्या ओढीला डोल जाळे लावणाऱ्या मुंबईच्या कोळ्यांना ही युक्ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. चतुर आणि टाचणी यांची पिल्लेही पाण्यातच वाढतात आणि ती पट्टीची शिकारी असतात.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. गाळात तोंड खुपसून शेपूट हलवत राहणारे लालसर धाग्यासारखे कृमी मत्स्यालयाच्या दुकानांत ट्युबिफेक्स या नावाने माशांचे खाद्य म्हणून विकतात. क्रॉफर्ड मार्केटमध्ये मासे घेण्यासाठी गेलेल्यांनी ते पाहिले असतील. कायरोनोमिड नावाच्या, न चावणाऱ्या, डासासारख्या माशीच्या अळ्याही अशाच लाल असतात. हा लाल रंग आपल्या रक्तातल्यासारख्या हिमोग्लोबिनचा असून, त्याच्या साहाय्याने हे जीव अत्यल्प प्राणवायूतही निभावून नेतात. असे दोन-तीनच प्रकार हजारोंच्या संख्येने आढळले आणि बाकी कोणीच नसले, तर ओढा फार आजारी आहे असे समजावे. कायरोनोमिड अळ्या चांगल्या ओढ्यातही थोड्या असतातच. त्या असणे हे वाईट लक्षण नव्हे, फक्त त्याच उरणे हे वाईट लक्षण आहे.

हजेरी घेण्याची रीत साधी आहे. प्रवाहाच्या खालच्या अंगाला बारीक जाळी धरायची, वरच्या अंगाला तळ पायाने ठरावीक वेळ, बहुधा तीन मिनिटे, ढवळायचा, म्हणजे दगडांखालचे जीव सुटून जाळीत येतात. मग काही दगड हाताने उचलून त्यांचा खालचा भाग पाहायचा. जाळीत आलेले सारे जीव पाणी भरलेल्या पांढऱ्या ताटात ओतायचे, कोणकोणती कुळे आली ती टिपायची आणि जीव पुन्हा ओढ्यात सोडून द्यायचे.

यानंतर गुण देतात. ब्रिटनमध्ये बायॉलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी या गटाने तळजिवांच्या कुळांना एक ते दहा असे गुण दिले; जितके कुळ नाजूक, तितके गुण अधिक. आढळलेल्या कुळांच्या गुणांची बेरीज करून तिला कुळांच्या संख्येने भागले की सरासरी मिळते. उदाहरणादाखल कल्पना करू की जंगलातील एका जागी चपट्या मेफ्लायचे कुळ १०, त्याचेच दुसरे नाजूक कुळ १०, चतुर ८, जाळे लावणारा कॅडिसफ्लाय ५, पाण्यावर घसरत चालणारा लांब पायांचा किडा ५, सोशिक मेफ्लाय ४ आणि कायरोनोमिड २ अशी सात कुळे मिळाली. बेरीज ४४ आणि सरासरी सुमारे ६.३ होते. त्याच ओढ्यावर वस्तीच्या खाली कायरोनोमिड २, कृमी १, गोगलगाय ३ आणि जळू ३ एवढेच मिळाले, तर बेरीज ९ आणि सरासरी २.२५. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मधल्या अंतरात काय घडले असावे, हा प्रश्न आपोआप उभा राहतो आणि तपासाची दिशाही मिळते.

घर शाबूत आहे का?

पाणी चांगले असूनही ओढा ओस पडलेला असू शकतो. त्याचे कारण घर मोडलेले असते.

ओढ्याचा तळ ही एक चाळ आहे अशी कल्पना करा. गोट्यांच्या खालच्या आणि मधल्या पोकळ्या म्हणजे खोल्या. त्यांतून खेळणारे पाणी म्हणजे हवा. वरच्या अंगाला डोंगर खोदला, बांधकामाचा राडारोडा काठावर टाकला की बारीक माती वाहत येते आणि या पोकळ्यांत बसते. दगड जागेवरच दिसतात, पण खोल्यांची दारे लिंपून टाकलेली असतात. तपासणी करणारा म्हणूनच दगड किती खोल गाळात रुतला आहे, हे आवर्जून पाहतो. गोटा हाताने सहज उचलला गेला, तर चांगले. तो उपटून काढावा लागला, तर चाळ बंद पडली आहे.

प्रवाहाची चालही पाहतात. निरोगी ओढ्यात उथळ दगडांवरून खळखळत जाणारे पाणी, मधला संथ भाग आणि खोल डोह हे आलटून पालटून येतात. खळाळात हवा मिसळते, डोहात मासे दडतात आणि पाणी आटू लागले की याच डोहांत सगळ्यांची सोय होते. ओढा सरळ करून त्याच्या दोन्ही बाजूंना संरक्षक भिंती आणि तळाला सिमेंट घातले की हे तिन्ही प्रकार एका झटक्यात संपतात. मुंबईत पूरनियंत्रणासाठी अशा भिंती ठिकठिकाणी बांधल्या आहेत. दाट वस्तीत काही ठिकाणी त्यांना पर्याय नसेल, हे मी मान्य करतो. परंतु जेथे अजून मोकळा काठ शिल्लक आहे, तेथेही सवयीने भिंत घालणे ही भरून न येणारी हानी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

"पण आमचा ओढा तर उन्हाळ्यात कोरडाच पडतो"

हा आक्षेप मुंबईत सर्वाधिक ऐकू येतो आणि त्याचे उत्तर अनेकांना चकित करते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा प्रदेशात लहान ओढे फेब्रुवारी-मार्चपर्यंत आटणे हा त्यांचा स्वभाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कान्हेरीच्या भिक्षूंनी लेण्यांशेजारी खडकात पाण्याच्या पोढ्या कोरल्या, त्या याच कारणासाठी; शेजारचा ओढा उन्हाळ्यापर्यंत पुरणार नाही, हे त्यांना माहीत होते. ओढ्यातल्या जिवांनाही ते माहीत असते. कोणी अंड्यांच्या रूपाने कोरडा काळ काढतो, कोणी ओलसर वाळूत खोल जातो, खेकडे बिळात शिरतात आणि चतुर उडून जातात.

म्हणून भर मे महिन्यात डोंगरातला ओढा कोरडा असेल, तर चिंता करू नये. चिंता करावी ती त्याच ओढ्याचा शहरातला भाग मे महिन्यातही भरून वाहत असेल तेव्हा. पाऊस नाही, झरे आटलेले आहेत, मग हे पाणी कोठून आले? ते घराघरांतून, गोठ्यांतून, कारखान्यांतून आलेले असते. मुंबईतील नद्यांच्या बाबतीत उन्हाळ्यातील वाहतेपण हेच आजाराचे लक्षण आहे आणि ते ओळखण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही.

तपासणीसाठी पाऊस ओसरल्यानंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा काळ चांगला. ऐन पावसात प्रवाह धोकादायक असतो आणि लोंढ्याने तळजीव वाहूनही जातात. शहरी भागात उतरताना गमबूट आणि हातमोजे घालावेत, कारण लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. राष्ट्रीय उद्यानात वनविभागाची परवानगी घेतल्याशिवाय काहीही करू नये.

"मासे दिसतात की! आणि पाणीही स्वच्छ आहे"

कोणते मासे, हे आधी पाहावे. डास आटोक्यात राहावेत म्हणून सोडलेला गप्पी पृष्ठभागावरच्या पातळ थरातील प्राणवायूवर भागवतो. बाहेरून आणलेला आफ्रिकी मांगूर थेट हवेतून श्वास घेतो आणि तिलापिया बरेच काही सोसतो. हे मासे दिसले म्हणजे पाणी चांगले आहे असे नसून, नाजूक मासे गेल्यावर उरलेली जागा सोशिकांनी घेतली आहे, अशीच शक्यता अधिक. पाण्याच्या पारदर्शकतेचेही तसेच आहे. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही आणि जुलै महिन्यात निरोगी ओढाही लाल मातीने गढूळ होतो.

ओढा म्हणजे डास, ही समजूतही दुरुस्त केली पाहिजे. वाहत्या, जिवंत ओढ्यात डासांच्या अळ्यांना मासे आणि चतुराची पिल्ले शिल्लक ठेवत नाहीत. क्युलेक्स डास वाढतो तो साचलेल्या घाण पाण्यात, जेथे त्याचे शत्रू गुदमरून मेलेले असतात आणि तो स्वतः मात्र श्वासनळी पृष्ठभागाबाहेर काढून हवा घेत असतो.

ब्रिटनचे गुण मुंबईत कसे चालतील?

हा आक्षेप रास्त आहे. गुणांची ती यादी थंड प्रदेशातील कुळांवर बेतलेली आहे. उदाहरणार्थ, स्टोनफ्लाय नावाच्या कीटकाला तेथे फार मान आहे, पण तो थंड पाण्याचा भोक्ता असल्यामुळे समुद्रसपाटीजवळच्या आपल्या उष्ण ओढ्यात तो नसला तर त्याचा दोष प्रदूषणाला देता येणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ही पद्धत भारतीय नद्यांसाठी जुळवून घेतली असून तीत गुणांच्या सरासरीबरोबर विविधताही मोजतात. तरीही सुटा आकडा जपूनच वापरावा.

यावर जगभर मान्य झालेला तोडगा म्हणजे तुलना. युरोपीय संघाने २००० साली केलेल्या जलविषयक कायद्यात प्रत्येक प्रकारच्या नदीची तुलना त्याच प्रकारच्या, जवळजवळ अबाधित अशा संदर्भस्थळाशी करण्याचे तत्त्व स्वीकारले. बहुतेक महानगरांना असे संदर्भस्थळ शोधण्यासाठी शेकडो किलोमीटर जावे लागेल. मुंबईला ते आपल्याच हद्दीत मिळते, कारण सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान शहराला लागून आहे आणि दहिसर व पोयसर या नद्यांचे वरचे भाग त्यात आहेत. दहिसर नदीची तुलना टेम्सशी कशाला करायची? ती जंगलातील दहिसर नदीशीच करावी. तोच खडक, तोच पाऊस, तेच हवामान. फरक उरतो तो केवळ आपण केलेल्या गोष्टींचा.

एक मर्यादा मात्र पाळावी लागते. भरतीचे पाणी जेथपर्यंत वर चढते, तेथून खाली गोड्या पाण्याचे हे गुण लागू पडत नाहीत. खाडीचे जीव वेगळे आणि त्यांचे निकषही वेगळे. मिठीच्या माहीमजवळच्या भागाला मेफ्लाय नसल्याबद्दल नापास करणे अन्यायाचे होईल.

सांडपाणी थांबले की ओढा सुधारेल का?

मुंबईत वरळीपासून मालाडपर्यंत सात ठिकाणी नवी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारली जात आहेत आणि नद्यांत मिसळणारे सांडपाणी वळवण्याची कामेही निघाली आहेत. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते आणि मिठीचा त्यात समावेश होता, हे पाहता ही कामे अत्यावश्यक आहेत. त्यांच्यामुळे कर्ज फिटेल, गल्ल्यात रोकड येईल आणि रसायनाचे आकडे सुधारतील. परंतु जीव परत येण्यासाठी आणखी दोन गोष्टी लागतात: परत येणारे कोणीतरी असले पाहिजे, आणि आल्यावर राहण्यासाठी जागा असली पाहिजे.

पहिल्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. जंगलातल्या ओढ्यांतून तळजिवांची पिल्ले रोज थोडी थोडी वाहत खाली येत असतात, विशेषतः रात्री. आणि पंख फुटलेले किडे उडत नव्या जागा शोधतात. बियाणे वर शिल्लक आहे, ते आजही खाली येते आणि आज ते मरते, एवढेच. म्हणून उगमाकडचे लहान, निनावी ओढे राखणे ही शोभेची बाब नसून खालच्या संपूर्ण नदीच्या पुनरुज्जीवनाची पूर्वअट आहे, असे मला वाटते. गाळाच्या टनांबरोबर प्रत्येक नदीच्या तीन ठिकाणची, म्हणजे जंगलातली, वस्तीच्या सीमेवरची आणि भरतीरेषेच्या वरची तळजीव-हजेरी वर्षातून एकदा जाहीर करण्यासाठी फार मोठा खर्चही येणार नाही.

दुसरी बाब जागेची. बेटिस नावाच्या प्रकारातील काही मेफ्लायच्या माद्या अंडी घालण्यासाठी प्रवाहातून डोके वर काढलेल्या दगडावर उतरतात, पंख मिटून त्याच्या कडेने पाण्याखाली चालत जातात आणि दगडाच्या खालच्या अंगाला एका थरात अंडी चिकटवतात. त्यासाठी पाणी स्वच्छ लागते, प्रवाह लागतो, आणि तो दगड लागतो. सिमेंटच्या सपाट तळावर तो नसतो.